त्रेपन्न मिनिटे आणि एक सही

२७ सप्टेंबर २०१४ हा शनिवार होता. महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीसाठी अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस. दोनच दिवस आधी शिवसेना आणि भाजप यांची जुनी युती तुटली होती आणि त्याच दिवशी काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडीही मोडली होती. राज्यभर प्रत्येक मतदारसंघात एकदम चार-चार तगडे उमेदवार उभे राहिले. पक्षाच्या एबी फॉर्मसाठी धावपळ, सूचकांच्या सह्या, शपथपत्रांची जुळवाजुळव, बाहेर ढोलताशे. निवडणूक कचेऱ्यांच्या दारांत त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. कायदा मात्र अशा गर्दीला ओळखत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेतच द्यावा लागतो.

जालन्यातही हेच चालले होते. १०१ क्रमांकाच्या जालना मतदारसंघात निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दालनात एक कॅमेरा होता आणि दालनाबाहेर दुसरा. कोण आले, कधी आले, कोणते कागद कोणाच्या हातात दिले, हे सगळे सरकारी खर्चाने चित्रित होत होते. या दोन कॅमेऱ्यांची चित्रफीत पुढे दिल्लीपर्यंत जाईल आणि देशातल्या प्रत्येक न्यायालयाला चित्रफितीकडे कसे पाहायचे ते शिकवील, असे त्या दिवशी तिथल्या कोणाच्या मनातही आले नसेल.

१९ ऑक्टोबरला निकाल लागला. शिवसेनेचे अर्जुन खोतकर यांना ४५,०७८ मते आणि काँग्रेसचे कैलास गोरंट्याल यांना ४४,७८२. फरक अवघा २९६ मतांचा. एवढ्या थोड्या मतांनी हरलेला उमेदवार प्रत्येक कागद उलटून पाहतो. गोरंट्याल यांनी आणि मतदारसंघातल्या एका मतदाराने मुंबई उच्च न्यायालयात स्वतंत्र निवडणूक याचिका दाखल केल्या. त्यांचा मुख्य मुद्दा घड्याळाचा होता. खोतकरांचे ४३ आणि ४४ क्रमांकाचे अर्ज तीनच्या आत आलेच नव्हते, ते ३ वाजून ५३ मिनिटांनी दिले गेले, असे त्यांचे म्हणणे. पुरावा काय? अधिकाऱ्यांच्याच दालनातला कॅमेरा.

वरवर पाहता यात वाद घालण्यासारखे काही नव्हते. चित्रफीत लावायची, वेळ पाहायची आणि निकाल द्यायचा. पण चित्रफीत न्यायालयात आपल्या पायांनी येत नाही. तिला कोणीतरी आणावे लागते आणि आणणाऱ्याने कागदावर लिहून द्यावे लागते की ही अमुक यंत्रातून आली, ते यंत्र नीट चालत होते आणि मधे कोणी काही बदललेले नाही. जालन्याच्या प्रकरणात हे लिहून देऊ शकणारी माणसे निवडणूक यंत्रणेतलीच होती. आणि वाद होता त्यांच्याच कामाबद्दल.

हा कागद कुठून आला? १८७२ च्या पुरावा कायद्यात संगणक असण्याचे कारणच नव्हते. २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा आला आणि त्याने जुन्या पुरावा कायद्याला ६५-अ आणि ६५-ब ही कलमे जोडली. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत न्यायालयात मांडायची असेल, तर त्या यंत्राची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र जोडावे, असे ६५-ब (४) सांगते. या कलमाचा सांगाडा ब्रिटनच्या १९६८ च्या दिवाणी पुरावा कायद्यातून उचललेला होता. गंमत अशी की ब्रिटनने ती तरतूद १९९५ मध्येच मोडीत काढली होती. संगणक ही आता रोजची वस्तू झाली, तिच्यासाठी वेगळे सोवळे कशाला, असा तिथला विचार. आपण ते सोवळे पाच वर्षांनी नव्याने नेसलो.

सुरुवातीला त्याचा कोणाला फारसा त्रास झाला नाही. १३ डिसेंबर २००१ च्या संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात मोबाइलच्या कॉलच्या नोंदी प्रमाणपत्राशिवायच पुराव्यात आल्या. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या मान्य केल्या आणि म्हटले की प्रमाणपत्र नसले तरी साक्षीदाराच्या तोंडून हे सिद्ध करता येईल. पुढची नऊ वर्षे देशभरातली न्यायालये याच वाटेने गेली. मग १८ सप्टेंबर २०१४ ला, म्हणजे जालन्याच्या त्या शनिवारच्या नऊच दिवस आधी, सर्वोच्च न्यायालयाने वाट बदलली. केरळच्या एरनाड मतदारसंघातल्या पी. व्ही. अन्वर यांच्या निवडणूक याचिकेत प्रचाराची गाणी आणि भाषणे सीडीवर भरून दिलेली होती. प्रमाणपत्र नव्हते. न्यायालयाने सांगितले की मूळ मुद्रणच हजर केले असते तर गोष्ट वेगळी, पण प्रत मांडायची तर प्रमाणपत्र हवेच. त्या पीठात न्या. रोहिंटन नरिमन होते. हे नाव लक्षात ठेवावे, ते या गोष्टीत पुन्हा दोनदा येणार आहे.

म्हणजे जालन्याच्या कॅमेऱ्यापुढे ती दुपार घडत होती तेव्हा नियम नऊ दिवसांचा होता. कागद करून ठेवण्याची जबाबदारी असलेल्या कचेरीपर्यंत तो पोहोचला होता का, हा वेगळाच प्रश्न.

उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ मार्च २०१६ ला आदेश दिला की निवडणुकीची मूळ चित्रफीत हजर करा. प्रशासनाने सीडी आणि व्हीसीडी आणून दिल्या. त्यात नोंदींचा एक भाग होता. प्रमाणपत्र मात्र नव्हते. याचिकाकर्त्यांनी अधिकाऱ्यांना लेखी विनंती केली, पुन्हा केली, न्यायालयाकडेही दाद मागितली. प्रमाणपत्र काही आले नाही. नाही असे लेखी उत्तर मिळाले असते तर निदान त्याला आव्हान देता आले असते. इथे नुसतीच शांतता होती. सरकारी कचेरीत एकदा तरी खेटे घातलेल्या माणसाला ही शांतता ओळखीची आहे.

शेवटी याचिकाकर्त्यांच्या मदतीला आली ती उलटतपासणी. साक्षीच्या पिंजऱ्यात निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना चित्रीकरणाबद्दल प्रश्न विचारले गेले आणि ते कसे होत होते हे त्यांच्या उत्तरांतून नोंदीवर आले. न्या. टी. व्ही. नलावडे यांनी २४ नोव्हेंबर २०१७ ला निकाल दिला की हे अर्ज तीनच्या आत दाखल झाले नव्हते, ते स्वीकारणे चूक होते आणि म्हणून निवड रद्द. जबाबदार अधिकाऱ्यांनी शपथेवर सांगितले आहे तेव्हा कलमाचा हेतू पुरा झाला, असा त्यांचा विचार होता. खोतकर तेव्हा राज्यमंत्री होते. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ८ डिसेंबर २०१७ ला या निकालाला स्थगिती मिळाली.

याच काळात दुसरीकडे पोलिसांच्या हातातल्या चित्रफितींचा प्रश्न वर येत होता. वाराणसीच्या एका हॉटेलात २०१० मध्ये एका परदेशी पाहुण्याचा मृत्यू झाला आणि त्याच्या सोबत असलेल्या दोन इटालियन नागरिकांना जन्मठेप झाली. हॉटेलात सीसीटीव्ही होता. त्या रात्री खोलीत कोण गेले, कोण आले, हे त्यात दिसले असते. तरीही ते चित्रण न्यायालयापुढे आलेच नाही. जानेवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचारले की सगळ्यात चांगला पुरावा हाताशी असताना तो मागे का ठेवला? मागे ठेवणाऱ्याच्या विरुद्ध अनुमान काढता येते, असे म्हणून न्यायालयाने दोघांना सोडले. दोन माणसे तोवर पाच वर्षे तुरुंगात होती.

चित्रण दडवले तर काय, याचे उत्तर इथे मिळाले. पण चित्रण समोर आहे आणि त्यामागची सही मिळत नाही, तेव्हा काय करायचे? जानेवारी २०१८ मध्ये शफी मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी यावर सोपा तोडगा काढला. ज्याच्या ताब्यात यंत्रच नाही, त्याच्याकडून प्रमाणपत्राचा हट्ट धरू नये. हे प्रकरण हिमाचल प्रदेशातले होते आणि त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न होता, गुन्ह्याच्या जागेचे पोलिसांनी चित्रीकरण करावे का आणि कसे करावे. एप्रिल २०१८ च्या आदेशात न्यायालय आणखी पुढे गेले. पोलीस ठाणी आणि तुरुंग यांतल्या कॅमेऱ्यांचे चित्रण एखाद्या स्वतंत्र समितीने वेळोवेळी पाहावे आणि आपली निरीक्षणे प्रसिद्ध करावीत, अशी व्यवस्था प्रत्येक राज्याने करावी, असे त्यात म्हटले होते. पोलिसांच्या चित्रणाबद्दल जनतेला काही कळले पाहिजे, हा विचार इथे आदेशाच्या भाषेत आला.

आता एकाच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल दोन दिशांना तोंड करून उभे होते. २०१४ चा म्हणत होता की प्रमाणपत्र हवेच. २०१८ चा म्हणत होता की कधीकधी नको. खोतकरांचे अपील सुनावणीला आले तेव्हा ही विसंगती लपून राहिली नाही. २६ जुलै २०१९ ला प्रकरण तीन न्यायाधीशांच्या पीठाकडे गेले. तोवर नवी निवडणूक तोंडावर आली होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये जालन्याच्या मतदारांनी गोरंट्याल यांना निवडून दिले. जुनी विधानसभा संपली, जुना वाद तसा निरर्थक झाला. तरीही कायद्याचा प्रश्न शिल्लक होता.

१४ जुलै २०२० ला न्या. नरिमन यांनी निकाल लिहिला. न्या. रवींद्र भट त्यांच्यासोबत होते आणि न्या. व्ही. रामसुब्रमणियन यांनी वेगळे, पण त्याच बाजूचे मत जोडले. निकालाने २०१८ ची सवलत रद्द केली. मूळ यंत्रच न्यायालयात आणले आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्र लागणार नाही, पण प्रत मांडायची तर ते लागणारच, तोंडी साक्षीने भागणार नाही. उच्च न्यायालयाचा विचार या मुद्द्यावर टिकला नाही.

असे असूनही खोतकरांचे अपील फेटाळले गेले. का? कारण निकालाचा दुसरा भाग. प्रमाणपत्र देणारा माणूस समोरच्या बाजूचा किंवा तिऱ्हाईत असेल आणि तो ते देत नसेल, तर नागरिकाने न्यायालयाकडे अर्ज करावा, मग न्यायालय त्याला ते द्यायला लावील. मागणाऱ्याने आपल्या हातातले सगळे केले असेल, तर अशक्य गोष्टीसाठी कायदा कोणाला बांधील धरत नाही. जालन्याच्या याचिकाकर्त्यांनी मागता येईल तितके मागितले होते आणि प्रमाणपत्र त्यांच्या हातात नव्हते, अधिकाऱ्यांच्या हातात होते. म्हणून त्यांना त्या अटीतून मोकळे केले गेले. प्रमाणपत्र खटला संपेपर्यंत केव्हाही देता येईल, हेही याच निकालाने स्पष्ट केले. त्रेपन्न मिनिटांचा हिशेब लागायला पाच वर्षे, नऊ महिने आणि काही दिवस लागले.

या निकालाकडे अनेकदा तांत्रिक म्हणून पाहिले जाते. मला त्यात एक मोठी कबुली दिसते. आपल्या देशात सरकारी चित्रण आणि त्याला खरेपणा देणारी सही ही दोन्ही एकाच घरात राहतात, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचेही घर तेच असते. जालन्यात ते घर निवडणूक कचेरीचे होते. पोलीस ठाण्यात ते आणखी जाड भिंतींचे आहे.

सुमारे साडेचार महिन्यांनी, २ डिसेंबर २०२० ला, न्या. नरिमन यांनीच पोलीस ठाण्यांबद्दलचा आदेश दिला. या आदेशाची मुळे फार मागे जातात. २६ ऑगस्ट १९८६ ला पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक साहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या पाठवून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्या पत्रालाच याचिका मानून १८ डिसेंबर १९९६ ला अटकेविषयीचे प्रसिद्ध अकरा नियम आले. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नावाची पट्टी, अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना कळवणे, वैद्यकीय तपासणी. हे सगळे कागदाचे नियम होते आणि कागद ठाण्यातच लिहिला जातो. २०१५ मध्ये त्याच प्रकरणात न्यायालयाने तुरुंगांत सीसीटीव्ही बसवायला सांगितले. त्याआधी २०१४ मध्ये, वडाळा रेल्वे पोलिसांच्या कोठडीतल्या एका तरुणाच्या मृत्यूच्या प्रकरणात, मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला होता. कागदावरचा विश्वास उडाला तेव्हा न्यायालये कॅमेऱ्याकडे वळली.

२०२० चे प्रकरण पंजाबातले होते, परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजित सिंग. २०१८ च्या आदेशाचे काय झाले, असे न्यायालयाने सगळ्या राज्यांना विचारले. नोव्हेंबर संपत आला तरी शपथपत्रे आली ती १४ राज्यांची आणि दोन केंद्रशासित प्रदेशांची. त्यांतल्या बहुतेकांत किती ठाण्यांत किती कॅमेरे, किती चालू, चित्रण किती दिवस राहते, याचा पत्ता नव्हता.

मग न्यायालयाने बारकाईने लिहिले. प्रवेशद्वार, बाहेर पडण्याची वाट, कोठडी, व्हरांडे, निरीक्षकांची आणि उपनिरीक्षकांची खोली, स्वच्छतागृहाच्या बाहेरची जागा, ठाण्याचा मागचा भाग. अंधारातही दिसेल असा कॅमेरा, आणि चित्राबरोबर आवाजही. चित्रण १८ महिने टिकले पाहिजे. तेवढी क्षमता बाजारात मिळत नसेल तर जास्तीत जास्त काळ, पण एका वर्षाहून कमी नाही. सीबीआय, एनआयए, ईडी अशा चौकशी करणाऱ्या केंद्रीय यंत्रणांच्या कचेऱ्यांनाही हेच. राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात देखरेख समिती. ठाण्याच्या दारात स्थानिक भाषेत मोठा फलक, की इथे कॅमेरा आहे, चित्रण किमान सहा महिने ठेवले जाते आणि मानवी हक्कांचा भंग झाला असेल तर ते जपून ठेवायला लावण्याचा हक्क पीडिताला आहे. ठाण्यात मारहाण किंवा मृत्यू झाला, तर मानवाधिकार आयोगाने आणि मानवाधिकार न्यायालयाने ते चित्रण तातडीने मागवावे.

आदेश वाचताना एकच वाक्य डोळ्यांत खुपते. कॅमेरे चालू ठेवणे, चित्रणाची साठवण आणि बिघाड कळवणे, ही जबाबदारी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याची. दुसरे कोण करणार, हे खरेच आहे. पण ज्याच्या ठाण्यात काय घडले हे पाहायचे, किल्ली त्याच्याच कमरेला.

महाराष्ट्रात या आदेशाचे काय झाले, हे २०२२ च्या सुरुवातीला उघड झाले. नाशिक जिल्ह्यातल्या एका तक्रारीत उच्च न्यायालयाने ठाण्यातले चित्रण मागितले आणि ते मिळेना. न्या. शाहरुख काथावाला आणि न्या. मिलिंद जाधव यांच्यापुढे सरकारने आकडे ठेवले. राज्यातल्या १,०८९ पोलीस ठाण्यांपैकी ५४७ मध्ये कॅमेरे बसले होते. एकूण ६,०९२ कॅमेऱ्यांपैकी ५,६३९ चालू होते आणि ४५३ बंद. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाला वर्ष उलटून गेले तरी जवळजवळ निम्म्या ठाण्यांत डोळाच नव्हता.

कॅमेरा असला, तो चालूही असला, तरी सामान्य माणसाने चित्रण मागायचे कसे? हाताशी असलेले साधन म्हणजे माहितीचा अधिकार. या हक्काचे महाराष्ट्राशी जुने नाते आहे. देशाचा कायदा २००५ साली आला, त्याआधीच अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर राज्याने २००२ मध्ये आपला कायदा केला होता. पण या कायद्याचे घड्याळ आणि कॅमेऱ्याचे घड्याळ यांची चाल जुळत नाही. माहिती अधिकाऱ्याला उत्तर द्यायला ३० दिवस. नकार आला तर पहिले अपील, त्याला ३० ते ४५ दिवस. मग माहिती आयोग, जिथे रांग वर्षावर जाते. तपासाला अडथळा येईल, कोणाच्या खासगीपणाला बाधा येईल, ही नकाराची कलमे अधिकाऱ्याच्या हाताशी तयार असतात. इकडे ठाण्यातले यंत्र दमत नाही आणि थांबतही नाही. साठवण भरली की ते जुन्या चित्रणावर नवे लिहीत जाते. महिनाभराची साठवण असलेल्या यंत्रापुढे ३० दिवसांची मुदत म्हणजे पुसून टाकण्याची मुदत. जीवित आणि स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत उत्तर द्यावे, असे कायदा म्हणतो, पण ती तरतूद अर्जदाराने स्वतः आठवण करून द्यावी लागते.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्तमानपत्रातल्या एका बातमीवरून पुन्हा स्वतःहून दखल घेतली. राजस्थानात त्या वर्षी काही महिन्यांतच अकरा जणांचे पोलीस कोठडीत मृत्यू झाले होते. पोलीस ठाण्यांत चालू कॅमेऱ्यांचा अभाव, हेच त्या प्रकरणाचे नाव. बसू यांच्या पहिल्या पत्रापासून एकोणचाळीस वर्षे झाली होती.

मग लोकांनी आपला कॅमेरा आपल्या खिशात ठेवायला सुरुवात केली. २०१८ मध्ये वर्धा येथे शेजाऱ्यांच्या भांडणावरून ठाण्यात गेलेला एक माणूस तिथली बोलणी मोबाइलवर चित्रित करताना दिसला. पोलिसांनी त्याच्यावर थेट शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा दाखल केला. म्हणजे हेरगिरीच्या कायद्याखाली. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ते आरोपपत्र रद्द केले. त्या कायद्यात 'प्रतिबंधित जागा' कोणत्या याची यादी आहे आणि पोलीस ठाणे तिच्यात नाही. २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने पाथर्डीच्या प्रकरणात हेच पुन्हा सांगितले. तिथे पोलिसांशी झालेले संभाषण ध्वनिमुद्रित केले होते. ठाण्याच्या भिंतीवरचा कॅमेरा बंद असेल तर नागरिकाने उघडलेला कॅमेरा त्या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही, एवढा अर्थ तरी आता पक्का आहे.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ व्या कलमाने झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण सक्तीचे केले, शक्यतो मोबाइलवर. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाने जुने प्रमाणपत्र दोन भागांचे केले. पहिला भाग पुरावा मांडणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य. हॅश म्हणजे फाइलच्या प्रत्येक अक्षरावर, प्रत्येक ठिपक्यावर गणित करून काढलेला लांबलचक आकडा. चित्रणातला एक ठिपका जरी बदलला, तरी आकडा पार वेगळा येतो. अंगठ्याच्या ठशासारखाच तो, फक्त माणसाऐवजी फाइलचा. जालन्याच्या व्हीसीडींना असा ठसा असता तर 'ही तीच का' हा प्रश्नच उरला नसता.

पण हॅशची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. ठसा घेतल्यावर फाइल बदलली नाही, एवढेच तो सांगतो. ठसा घेण्याआधी काय कापले, कॅमेरा कोणत्या क्षणी सुरू केला आणि कोणत्या क्षणी बंद, हे त्याला ठाऊक नसते. आणि जे चित्रण नाहीच, त्याचा ठसा कोण घेणार? वाराणसीच्या हॉटेलातले ते चित्रण आज असते तरी हॅशने ते न्यायालयात आणले नसते.

चित्रण दाखवण्यालाही एक बाजू आहे, जी विसरून चालत नाही. २०१९ मध्ये केरळमधल्या एका अभिनेत्रीवरच्या अत्याचाराच्या खटल्यात आरोपी अभिनेत्याने मेमरी कार्डाची प्रत मागितली. बचावासाठी पुरावा पाहण्याचा त्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला, पण प्रत दिली नाही. वकील आणि तज्ज्ञांना ते न्यायालयात पाहू द्यावे, एवढेच. पाहण्याचा हक्क आणि पसरवण्याची मोकळीक यांत पीडित स्त्रीची अब्रू उभी असते. पोलीस ठाण्यातल्या चित्रणातही तक्रार द्यायला आलेली बाई असते, अल्पवयीन मूल असते. खासगीपणा ही नकाराची सबब बनू नये आणि ती खरी असेल तिथे डावललीही जाऊ नये, ही कसरत अजून आपल्या कोणत्याच नियमात नीट बसलेली नाही.

निवडणुकीच्या चित्रणाचेही पुढे काय झाले ते पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने निवडणूक संचालन नियमांतला ९३ वा नियम बदलला आणि जनतेला पाहता येणाऱ्या कागदपत्रांतून सीसीटीव्हीसारखे इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज बाहेर गेले. २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने ठरवले की याचिका दाखल झाली नसेल तर निकालानंतर ४५ दिवसांनी चित्रण नष्ट करता येईल. याचिकेची मुदतही ४५ दिवसांचीच. म्हणजे ज्याला संशय आहे त्याने चित्रण न पाहताच न्यायालयाचे दार ठोठावायचे.

जालन्याचे याचिकाकर्ते मुदतीत न्यायालयात गेले होते, म्हणून त्या दुपारची चित्रफीत उरली. त्यांच्या हातात कॅमेरा नव्हता, प्रमाणपत्र नव्हते, सही नव्हती. होते ते अर्ज. न मिळालेल्या कागदासाठी पुन्हा पुन्हा केलेले, नोंदीवर असलेले अर्ज. सर्वोच्च न्यायालयाने शेवटी त्या अर्जांनाच वजन दिले. म्हणून ठाण्यातून काही वाईट घडून बाहेर पडलेल्या माणसाने माहिती मागण्याआधी एक साधा अर्ज लिहावा. अमुक तारीख, अमुक वेळ, अमुक खोलीतले चित्रण पुसू नये, जपून ठेवावे. ठाण्याला एक प्रत, जिल्हा देखरेख समितीला एक, मानवाधिकार आयोगाला एक. प्रत्येकावर आवक शिक्का आणि पोच. चित्रण मिळेल की नाही, सही येईल की नाही, हे त्याच्या हातात नाही. पोच मात्र त्याची आहे, आणि जालन्याच्या त्रेपन्न मिनिटांनी तिची किंमत ठरवून ठेवली आहे.